बिनआवाजाची लग्नं

"अगंबाई, तुम्ही!"

दुकानात पाऊल टाकता टाकता मी एवढ्या मोठ्यानं ओरडले, की काउंटरमागचा माणूस दचकला आणि त्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर उघड्या कॉम्प्युटरच्या पोटात पडला.

"मी... मी कोन?" तो म्हणाला.

आता याला काय सांगू? की तुमचा निळ्या चौकड्यांचा शर्ट मला पाठ आहे? की घाम पुसताना तुम्ही रुमाल आधी झटकता, हेही माहीत आहे? दोन वर्षं मी या माणसाला बघत होते, आणि त्यानं मला आयुष्यात आज पहिल्यांदा पाहिलं होतं.

"तुम्ही लग्नात असता," मी म्हटलं.

"लग्नात समदेच असत्यात, ताई."

"तुम्ही प्रत्येक लग्नात असता. शेवटच्या पंगतीला. कोपऱ्यात, एकटे. आधी जिलेबी खाता आणि मग वरणभात."

तो कानापर्यंत लाल झाला. मग हळूच म्हणाला, "वरनभात तवर गार झालेला असतो. जिलेबीला गार-गरम सारखंच."

मला हसू आलं. किती दिवसांनी आलं कोण जाणे, आवाज जरा गंजल्यासारखाच निघाला.

तर सांगते. मी सुमेधा. नगरच्या सावेडीत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहते आणि लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. रोहिणीताईंच्या स्टुडिओचे कॅमेरामन शूटिंग करून आणतात, हार्ड डिस्क माझ्या घरी येते, आणि दिवसभराच्या पसाऱ्यातून मी तासाभराची गोड फिल्म काढते. जांभया देणारे काका कापायचे, रुसलेली मावशी कापायची, आणि स्टेजमागच्या मोठ्या एलईडी स्क्रीनशी खटपट करणारा हा माणूससुद्धा कापायचा. नगर जिल्ह्यातल्या निम्म्या लग्नांत ती स्क्रीन हाच लावतो, हे मला माहीत होतं. मुहूर्त नसतील तेव्हा दिल्ली गेटजवळ त्याचं कॉम्प्युटरचं दुकान असतं, हे मात्र आज कळलं.

आई गेल्यापासून घरात मी एकटी. सुहासदादा बंगलोरला. दिवसात माझ्याशी बोलणारी माणसं दोनच, एक दूधवाला आणि एक लिफ्टमधली बाई, आणि ती बाईसुद्धा रेकॉर्ड केलेली! जेवायला बसायचं तेही स्क्रीनसमोर. तिकडे पंगत चालू, इकडे माझी भाकरी. दोनशे माणसांबरोबर जेवते म्हणा ना.

फक्त आवाज बंद ठेवून. सुरुवातीला मी आवाज लावायची. पण क्लिप चालू असली की घर कसं भरून जायचं. हसणं, बांगड्या, 'अहो, इकडे बघा ना'... आणि क्लिप संपली की एकदम जे शांत व्हायचं ना, ते मला सोसायचं नाही. मग एके दिवशी मी आवाजच बंद केला. शेवटी गाणी जोडायची तेवढी हेडफोन लावून जोडायची. बाकी सगळी लग्नं बिनआवाजाची.

आणि त्या दिवशी, ऐन कन्यादानात, माझ्या जुन्या कॉम्प्युटरनं मान टाकली.

"रेडीमेड पाहिजे का असेंबल?" भागवतनं विचारलं. त्याचं नाव भागवत, हे दुकानाच्या पाटीवर होतं.

"तेच तर विचारायला आलेय. दादा म्हणतो रेडीमेड घे, कंपनीचा घे. ऑर्डर टाकली की परवा दारात."

"बरोबर म्हन्त्यात. रेडीमेडच घ्या."

मी बघतच राहिले. "अहो, दुकानदार आहात की कोण? गिऱ्हाईक घालवताय?"

"खरं तेच सांगतोय, ताई. तुमच्या कामाला असेंबल चांगला. व्हिडिओचं काम म्हंजे ताकदीचं काम. रेडीमेडमधी त्याच पैशात ग्राफिक कार्ड बारकं भेटतं, आन् पुढं काय वाढवायचं म्हन्लं तर आत जागा न्हाई. पन रेडीमेड बिघडला तर कंपनीचा मानूस घरी येतो. असेंबलचं तसं न्हाई. ज्यानं जोडला त्यालाच हाक मारावी लागती."

"मग मारीन की हाक. दुकान काय लांब आहे?"

तो खाली बघून स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागला.

"मी न्हाई हितं. हा लग्नाचा शिजन संपला की पुन्याला चाललो. कंपनीत नोकरी लागलीय, सर्व्हर सांभाळायची. हितं लग्नं चार महिनं, बाकी मी खुर्चीला टेकून... थांबायला काय कारन न्हाई."

आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाचं नाव पाच मिनिटांपूर्वी कळलं, तो गावाला चाललाय म्हणून कुणाला चुकल्यासारखं होतं का? मला झालं. आणि मग मला रागच आला, त्याचा नाही, माझाच.

"ठीक आहे," मी म्हटलं. "मग असेंबलच. पण जोडायचा मी. तुम्ही फक्त बोट दाखवायचं. बिघडला तर माझा मला दुरुस्त करता आला पाहिजे."

"तुमी?"

"का? बायकांना स्क्रू पिळता येत नाहीत?"

"तसं न्हाई म्हन्लो..." तो हसला. हसताना त्याचा एक दात दुसऱ्यावर चढलेला दिसतो. तो मला कधीच दिसला नव्हता, कारण फिल्ममध्ये तो कधी हसायचाच नाही.

रात्री दादाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "कशाला नसती झंझट? मी टाकतो ना ऑर्डर." त्याला कसं सांगू? रेडीमेड परवा दारात येईल, मी सही करीन, पोऱ्या लिफ्टनं खाली जाईल. झालं. असेंबलचा एकेक भाग येणार, आज कॅबिनेट, परवा मदरबोर्ड, आणि प्रत्येक भागाबरोबर कुणीतरी येणार, बसणार, चार वाक्यं बोलणार. मला कॉम्प्युटर हवा होता, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त मला ती चार वाक्यं हवी होती.

कॅबिनेट घेऊन तो आला तेव्हा दार मी सताड उघडं ठेवलं. समोरच्या काकूंनी त्या तेवढ्या वेळात तीनदा पायपुसणं झटकलं.

चहा टाकला, आणि मग लक्षात आलं, की कप एकच बाहेर आहे. दुसरा वरच्या फळीवर, आईचा, पालथा. खुर्चीवर चढून काढला, धुतला. भागवत बघत होता.

"लई दिवसांनी काढला जनू," तो म्हणाला.

"पाहुणे येत नाहीत फार."

"माझ्याकडं बी एकच हाय. दुसरा हुता, त्यात स्क्रू ठिवलेत." मग एक घोट घेऊन त्यानं डोळे बारीक केले. आमच्या घरी चहा गोड असतो.

दुसऱ्या वेळी मदरबोर्ड आला आणि 'ताई' गेली. त्या दिवसापासून 'म्याडम' सुरू झालं. ते मला चांगलंच ऐकू आलं.

"म्याडम, एक इचारू? तुमी मला कापता म्हंजे काय करता?"

"फ्रेममध्ये आलात की तो तुकडा काढून टाकते."

"म्हंजे दोन वर्षं तुमी मला काढून टाकताय!"

"दोन वर्षं बघतेय असंही म्हणता येईल. कापायच्या आधी बघावंच लागतं."

त्यानं मदरबोर्ड माझ्यापुढं सरकवला. प्रोसेसरवर लावायच्या पेस्टची नळी माझ्या हातात होती, मेंदीच्या कोनासारखी, आणि वाटाण्याएवढा थेंब सोडायचा होता. नळी जरा जास्तच दाबली गेली आणि थेंब सुपारीएवढा झाला.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "पुसून परत लावू. घाई कुनाला हाय?"

"तुम्हाला. पुण्याला जायचंय ना?"

"हं... जायचंय खरं."

बाहेर मे महिन्याचं ऊन. कूलर घरघरत होता. आम्ही दोघं त्या एवढ्याशा चौकोनावर वाकून होतो, आणि त्याच्या शर्टाला घराच्या इस्त्रीचा वास होता. हे सगळं कुठलाही कॅमेरा टिपत नव्हता, याचं मला फार वाईट वाटलं.

तो बोलायचा ते त्याच्या गावचं, घोडेगावचं बोलायचा. आई तिकडेच, दोन म्हशी, दूध डेअरीला. शुक्रवारच्या म्हशींच्या बाजारात लहानपणी वडिलांबरोबर जायचा. "म्हैस घेताना बी आमचे आबा म्हनायचे, दुसऱ्यानं सांगितल्यालं ऐकू नगं, सोता हात लावून बघ." मी विचारलं, "मग मला रेडीमेड घ्या म्हणालात ते?" तर म्हणाला, "तवा तुमी म्हंजे नुसतं गिऱ्हाईक हुता."

"आणि आता?"

"आता..." त्यानं स्क्रू मोजल्यासारखं केलं. "आता तुमी शिकाऊ कारागीर."

मेल्यानं तेवढ्यावर निभावलं!

शेवटच्या दिवशी सगळं जोडून झालं. वायरी बांधल्या, कार्ड बसवलं, झाकण लावलं. मी कौतुकानं मागून बघते तर काय, एक लांबट पत्र्याची पट्टी टेबलावर तशीच पडलेली. मागच्या बाजूला लागते ती, तिच्या भोकांतून सगळ्या वायरी आत जातात. आणि ती मदरबोर्डच्या आधी बसवायची असते. म्हणजे आता सगळं परत उकला!

भागवतनं कपाळावर हात मारला. "आयला! ही चूक तर नवशिकं करत्यात."

"खरं सांगा, मुद्दाम विसरलात ना?"

"न्हाई हो, आईशप्पथ!" तो इतका कळवळून म्हणाला की माझं मन खट्टू झालं. मला तो मुद्दाम विसरायला हवा होता.

सगळं उकललं, परत जोडलं. दुपारची संध्याकाळ झाली, चहाचे तीन फेरे झाले. शेवटी बटण मी दाबलं. आत पंखे फिरले, स्क्रीन उजळली. मी टाळ्या वाजवल्या, तोही हसला. आणि मग दोघांच्याही लक्षात आलं, की आता आणायचा एकही भाग उरला नव्हता.

"स्पीकर न्हाई घेतलं तुमी," तो म्हणाला.

"मला नको. मी आवाज बंद ठेवूनच काम करते." असं म्हटलं, पण का, ते नाही सांगितलं. सांगायला हवं होतं.

त्यानं पिशवीतून कागदात गुंडाळलेले दोन छोटे स्पीकर काढून खिडकीत ठेवले. "माझं जुनं हायेत. लागलं तर लावा." मग चपला घातल्या. चपला घालायला एवढा वेळ लागणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. "शुक्रवारी शेवटचं लग्न, घोडेगावच्या पुढच्या लॉनवर. मग सोमवारी जायाचं."

'जाऊ नका.' दोनच शब्द. तेवढे म्हणायचे होते. मी म्हटलं, "सांभाळून जा."

"व्हय," तो म्हणाला आणि लिफ्टमधल्या बाईनं त्याला खाली नेलं.

शनिवारी दुपारी त्या लग्नाची हार्ड डिस्क आली. कॉम्प्युटर नवाकोरा, कामाला वाघ. आणि मी मनाशी पक्कं केलं होतं, की आता त्याला शोधायचं नाही. जाणारा माणूस आहे. बघून काय करायचं?

पण दिसायचा तो दिसलाच. दुपारी वऱ्हाड जेवायला बसणार, तोच वळवाचा पाऊस आला. बिनआवाजाचा पाऊस. खुर्च्या उलटल्या, पत्रावळी उडाल्या, दिवे गेले, नऊवारीतल्या बायका पदर डोक्यावर घेऊन धावल्या. स्टेजच्या छपराखाली कॅमेरा मात्र स्टँडवर तसाच चालू राहिलेला. आणि त्या रिकाम्या फ्रेममध्ये भागवत आला. निथळत. अगदी जवळ आला, ओठ हलत होते. कॅमेरामनकडे ताडपत्री मागत असेल, मला वाटलं. केस कपाळाला चिकटलेले, तो चढलेला दात एकदा दिसला... माझे डोळे भरून आले. आता पुरे, मी स्वतःला म्हटलं. हाताला सवय होतीच. तुकडा कापला आणि पुढं सरकले.

रविवार गेला. सोमवार गेला. सोमवारी दुपारी मी उगाचच माळ्यावरची भांडी काढून घासली. संध्याकाळी वाटलं, गेला असेल. एक फोन नाही, एक मेसेज नाही. बरोबरच आहे, कोण लागून गेले मी त्याची? शिकाऊ कारागीर!

पुढचा आठवडा फार वाईट गेला. कॉम्प्युटर इतका वेगवान, की दिवसाचं काम दुपारीच संपायचं, आणि मग उरलेल्या दुपारचं काय करावं ते सुचायचं नाही. चहा करताना मी दोन कप काढायची आणि एक परत ठेवायची.

फिल्म न्यायला रोहिणीताई स्वतः आल्या. चहा पिता पिता म्हणाल्या, "अगं, तो एलईडीवाला भागवत! पावसात सगळे पळाले आणि हा चालू कॅमेऱ्यासमोर उभा राहून भाषण देतोय. आमचा कॅमेरामन लांबून बघून हसत होता. काय बोलत होता गं?"

"ताडपत्री मागत होता ना?"

"ताडपत्री कुणाकडे मागेल? कॅमेऱ्यामागे कुणीच नव्हतं."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. रोहिणीताई कधी गेल्या, मी त्यांना दारापर्यंत सोडलं की नाही, काही आठवत नाही. कापलेला तुकडा फिल्ममधून जातो, डिस्कवरून नाही, एवढीच देवाची कृपा. मी खिडकीतले स्पीकर काढले, कागद फाडला. वायर कुठं लावायची ते मला माहीत होतं, त्यानंच शिकवलं होतं.

आधी पावसाचा आवाज आला. खोलीभर पाऊस. आणि मग तो.

"सुमेधा म्याडम... हे लग्नातलं न्हाई, हे कापा. पन कापायच्या आधी बघावं लागतं, तुमीच म्हन्ला हुता, म्हून हितं बोलतोय. स्पीकर लावलं असतील असं धरून. फोनवर न्हाई जमत मला. दोनदा लावला, वाजायच्या आत बंद केला..." त्यानं तोंडावरचं पाणी पुसलं, रुमाल आधी झटकून. "हितं थांबायला काय कारन न्हाई, असं म्हन्लो हुतो मी. तवा न्हवतंच. पन त्यो तुमी खुर्चीवर चढून दुसरा कप काढला ना... मला तुमी आवडता. लई. बास, एवढंच. तुमाला बी तसं वाटत असंल, तर सोमवारी दुपारपातुर दुकानात या. मी न्हाई जानार मग. न्हाई आलात तर समजून घीन. राग न्हाई." लांबून कुणीतरी त्याला हाक मारली. तो दोन पावलं गेला, परत आला. "आन् चहात साखर जरा कमी टाकत जा."

मी तिथं जमिनीवर बसले आणि रडले. मोठ्यानं रडले, कूलरच्या वर आवाज जाईल इतकी. तो माणूस सोमवारी दुपारपर्यंत दुकानात बसला होता, दाराकडे बघत. आणि मी इथं भांडी घासत होते.

मग उठले, तोंड धुतलं आणि फोन लावला. बराच वेळ वाजला.

"हॅलो," त्याचा आवाज. मागे कसलीशी मोठी घरघर.

"मी सुमेधा. कॉम्प्युटर बिघडलाय."

 अगदी परक्यासारखं त्यानं विचारलं, "पंखे फिरत्यात का?"

"फिरतात."

"स्क्रीन लागती?"

"लागते."

"मग बिघडलंय काय?"

"आवाज बंद होता, भागवत. मी नेहमी बंदच ठेवते. एकटीला सहन होत नाही म्हणून... तुम्ही पावसात उभे होतात ते मला दिसलं, पण ऐकू नाही आलं. आत्ता ऐकलं. आत्ता, पाच मिनिटांपूर्वी."

मागची घरघर थांबली, तो बाहेर आला असावा. त्याचा श्वास ऐकू येत होता.

"सोमवारी मी कुलूप लावलं," तो हळू म्हणाला. "परत काढलं. परत बसलो. गाडी गेली, मंग संध्याकाळच्या गाडीनं गेलो."

"मला माहीतच नव्हतं हो..."

"कापलं का ते?"

"कापलं होतं. परत काढलं. आता तर समोरच्या काकूंनीपण ऐकलंय, स्पीकर मोठे ठेवलेत."

तो हसला. नाकातून, ओला ओला, पण हसला.

"नोकरी आता लगेच सोडता न्हाई येनार," तो म्हणाला. "लिहून दिलंय."

"नका सोडू. मी कुठं म्हटलं?"

"पन रविवारी येतो."

"कशाला?"

"असेंबल हाय त्यो. वारंटी न्हाई. अधनंमधनं बघावं लागतं."

"भागवत..." मला पुष्कळ बोलायचं होतं. तुम्ही मला आवडता, दुकानात दचकलात तेव्हापासून, त्याच्याही आधीपासून, जिलेबी खात होतात तेव्हापासून. ते सगळं मी बोलले, पुढचेमागचे शब्द एकमेकांत अडकले तरी बोलले. पलीकडे तो नुसता "व्हय... व्हय" करत राहिला.

"मग रविवारी येतो," तो शेवटी परत म्हणाला.

"जेवायलाच या," मी म्हटलं. "आणि भागवत... पहिल्या पंगतीला या. वरणभात गरम असेल."

फोन ठेवला तेव्हा घर तसंच रिकामं होतं. मी पुढच्या लग्नाची क्लिप लावली आणि आवाज चालूच ठेवला.